छबुबाईंच्या विहिरीची चावी

शिरूर कासार तालुक्यातल्या आपल्या गावी छबुबाई सुनेसह सहा महिन्यांची ऊसतोड आटोपून परतल्या, तेव्हा दारातला नळ कापलेला होता. पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकचं बूच.

"कुणी कापला गं?" त्यांनी शेजारच्या कौशल्याबाईंना विचारलं.

"कंपनीनं. गावाचं पाणी आता कंपनी चालवती. सर्व्हे झाला तवा तुमच्या घराला कुलूप व्हतं. 'बंद घर' लिवलं."

एकसष्ट वर्षांच्या छबुबाई तशाच विहिरीवर गेल्या. गावाची सगळी योजना या एका विहिरीवर चालते. बारा वर्षांपूर्वी, टँकरच्या साली, त्यांनी ही आपली विहीर दोन गुंठ्यांसकट स्टॅम्पपेपरवर ग्रामपंचायतीला बक्षीस दिली. सत्काराचा फोटो घरात आहे. आता विहिरीवर लोखंडी जाळी होती आणि जाळीला कुलूप.

"अजिनाथ, उघड की रं."

"न्हाई जमत, काकू," राखणदार अजिनाथ म्हणाला. "चावी कंपनीची."

"आन् इहीर?"

"ते साहेबाला इचारा."

त्यांनी नव्या नळासाठी अर्ज केला. तोवर सून वनमाला शेजारून हंडे आणत होती. "गावाला पाणी पाजलं आत्याबाईंनी," ती हंडा आपटून म्हणायची, "आन् सुनेला लावलं दारोदार."

नवव्या दिवशी ग्रामसेवकांनी कंपनीचं उत्तर वाचून दाखवलं. अर्जदाराच्या सातबारावर स्वतःची विहीर असल्याने अर्ज नामंजूर.

छबुबाईंनी ते पत्र हातात मागून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, इहीर तर मी देऊन टाकली व्हती."

ग्रामसेवकांनी फाइल काढली. बक्षीसपत्र होतं. पण ते तलाठ्याकडे कुणी नेलंच नव्हतं. सातबारावर नाव बदलायचा फेरफार झाला नव्हता. जी विहीर ग्रामपंचायतीने वीस वर्षांच्या कराराने कंपनीच्या हाती दिली, ती ग्रामपंचायतीच्या नावावर कधी आलीच नव्हती. ग्रामसेवकांचा चेहरा उतरला.

"म्हंजी इहीर अजून माझी हाय?"

"कागदावर... हो."

"मग चावी द्या."

"मावशी, ते कंपनीचं पत्र जरा इकडं द्या. दुरुस्त करून आणतो. नळ उद्याच जोडून देतो."

छबुबाईंनी पत्राची घडी केली, पदराच्या टोकात बांधली आणि बाहेर आल्या. वनमाला रिकामा हंडा घेऊन उभी होती.

"कुठं निघाल्या, आत्याबाई?"

"तहसीलला. आधी याची झेरॉक्स काढू."