कानबाईचा रोट आणि माझा सोमवार

लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी कूस रिकामीच होती. आमच्या कळसाडी गावात कुणी तोंडावर बोलत नसे, पण डोहाळजेवणाचं बोलावणं आलं की मी काहीतरी निमित्त काढून घरीच राही. मग मी उपवास धरले. आधी सोमवार, मग गुरुवार, चतुर्थी, एकादशी. देवाला काही कमी पडू नये म्हणून मी स्वतःला कमी करत गेले. शहाद्याच्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "वजन फार उतरलंय, म्हणून पाळी चुकते. पोटभर जेवा, वेळेवर झोपा. आणि यांची तंबाखू बंद करा, मूल होणं काही एकट्या बाईवर नसतं." हे मान खाली घालून बसले. मला मात्र राग आला. बाईंना औषधातलं कळतं, नवसातलं काय कळणार?

श्रावणात घरी कानबाई बसली, आमच्याकडची देवी-आई. तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्या म्हणजे रोट; ते भाऊबंदांतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत आणि संपेपर्यंत दुसरं अन्न शिजवायचं नाही. रविवारी रात्री सगळ्यांबरोबर मीही जेवले. सोमवारी सकाळी मात्र माझा उपवास होता. सासूबाईंनी हातात दिलेला रोट मी पदराआड धरला आणि हळूच डब्यात ठेवून दिला. आईचा प्रसाद चुकवायचा तोही आई होण्यासाठीच, असला शहाणपणा माझाच!

विसर्जनाला वाजतगाजत नदीवर गेलो. ऊन चढलं होतं. कानबाई पाण्यात उतरली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा डोकं एका अनोळखी बाईच्या मांडीवर होतं. कुठल्या तरी दुसऱ्या गावाहून आपली कानबाई घेऊन आली असावी. लुगड्याच्या ओल्या पदराने ती माझं तोंड पुसत होती.

"सकायपाईन काय खाद्धं, बेटी?"

"सोमवार शे मन्हा," मी म्हटलं. "लेकरूसाठे."

ती रागावली नाही, हसलीही नाही. "माय घर येल शे, नि तू उपाशी? माय लेकरूले उपाशी ठेवस का वं?"

आई घरी आलेली आणि लेकरू उपाशी! मला रडू फुटलं. इतकी वर्षं मी आई व्हायला निघाले होते, पण मीही कुणाचं तरी लेकरू आहे, हे विसरलेच होते. डोळे पुसून पाहिलं तर ती गर्दीत निघून गेली होती. शोधलं, पण भेटली नाही.

घरी येऊन सासूबाईंच्या पाया पडले, सगळं सांगितलं आणि डब्यातला रोट खिरीबरोबर खाल्ला. त्या नुसतं "खाय, माय, खाय" म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हे दारात उभे होते. खिशातली पुडी काढून त्यांनी उकिरड्यावर टाकली. "मी बी सोडस आजपाईन," म्हणाले. त्यांना ते सोपं गेलं नाही, चिडचिड घरभर ऐकू यायची.

उपवास सुटले, हळूहळू अंग भरलं, पाळी नियमित झाली. आता मला पाचवा महिना आहे. डॉक्टरबाई म्हणतात, जेवणाचा आणि तंबाखू सोडल्याचा गुण. मी कानबाईचं नाव घेते. आम्ही दोघी भांडत नाही.

पुढे काय ते कानबाईच्या हातात, भीती अजून वाटतेच. पण देवावर सोडून देणं म्हणजे सुकून जाणं नव्हे, एवढं मला कळलंय. देवासमोर हात जोडते, आणि मग भाकरीचं ताट पुढे ओढते. पोटभर जेवते. हीच माझी पूजा.