दाजींनी न पाहिलेला गोल

आमच्या दाजींनी आयुष्यात माणसांचा जेवढा पाठलाग केला, तेवढा कोल्हापुरातल्या कुठल्याही फौजदाराने केला नसेल. फरक इतकाच की फौजदार चोरामागे लागतो आणि दाजी भल्या माणसांमागे लागायचे, तेही पकडायला नव्हे, नुसते शेजारी उभे राहायला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात ते लेफ्ट बॅक आणि मी गोलकीपर, त्यामुळे मैदानावर माझी अब्रू त्यांच्या पायांत असायची. माझ्याकडे बॉल येऊच नये अशी मनापासून इच्छा असलेला मी गोलकीपर होतो, आणि ती इच्छा पुरी करणारा असा मेव्हणा देवाने फार कमी जणांना दिला असेल.

पण हे नंतरचं. आधी दाजी सेंटर फॉरवर्ड होते, आणि साधेसुधे नव्हेत. मुंबईच्या एका गिरणीने त्यांना केवळ खेळण्यासाठी नोकरी दिली, तेव्हा अख्खी पेठ हलगी घेऊन स्टेशनवर गेली होती. एका हंगामात ते परत आले. मोठ्या सामन्यात शेवटी मिळालेली पेनल्टी त्यांनी गोलखांबावरून थेट प्रेक्षकांत घातली, मग गिरणीने त्यांना आधी बाकावर बसवलं आणि नंतर घरी. या वेळी स्टेशनवर मी एकटाच होतो. कोल्हापूरचा माणूस सांत्वन करतो तेही टोला हाणूनच. पहिल्याच चौकात एकाने विचारलं, “काय पावणं, बॉल घावला का न्हाई अजून?” दाजी हसले, पण दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर पडेनात. चपला घालायच्या, उंबऱ्यापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. अक्का डोळे पुसत मला म्हणाली, “त्यास्नी भाईर काढ बाबा. दिसभर खिडकीचा गज धरून बसत्यात. मला बघवंना झालंय.” अक्का सहसा रडणारी बाई नव्हे, म्हणून मला जास्त भीती वाटली.

शेवटी तालमीचे वस्ताद स्वतः घरी आले. चहा बशीत ओतून सावकाश प्याले आणि म्हणाले, “तुला गोल माराय सांगतंय कोन? समोरचा मारंल, त्येला मारू देऊ नगंस. येवढं जमतंय न्हवं?” दाजींनी बराच विचार केला. “येवढं जमंल,” म्हणाले.

आता एवढं म्हणजे केवढं, हे वस्तादांनाही ठाऊक नव्हतं. आमचा पुढचा सामना ज्या पेठेशी होता, तिचा सेंटर फॉरवर्ड होता सलीम. घरचा लग्नाचा बँड, त्यात हा क्लॅरिनेट वाजवायचा. इतर बॅक सामन्यापुरते आपल्या गड्याला चिकटतात, दाजी आठवडाभर आधीच चिकटले. सलीम सकाळी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेला की शेजारी दाजींचा पेला. तो रंकाळ्यावर फिरायला गेला की मागे दाजी. वरातीत तो वाजवत चालला की गॅसबत्तीच्या उजेडात वाकून त्याचे पाय बघत दाजी. “दाजी, लग्नात तरी सोडा की मला!” तो बिचारा काकुळतीला यायचा. “तू वाजीव रं,” दाजी म्हणायचे, “मी काय तुझं गाणं आडवाय आलोय व्हय?” अशाच एका लग्नात वधूपक्षाने त्यांना वराकडचे समजून टॉवेल-टोपीचा आहेर केला. लग्न कुणाचं म्हणून अक्काने विचारलं, तर “इचारायचं ऱ्हायलं बघ,” म्हणाले आणि टोपी घालून आरशात बघू लागले. सलीमची आई तर दाजी गल्लीच्या तोंडाशी दिसले की आतूनच हाक मारायची, “सलीम, तेरा पावना आया रे!” आणि चहाचा दुसरा कप काढायची.

सामन्याला निघताना अक्काने मला स्वयंपाकघरात ओढलं. “आज त्येनं गोल मारला, तर हे परत खिडकीत जाऊन बसतील.” एवढं ऐकून गोलात उभं राहायचं म्हणजे काय, याचा विचार करा. पण सलीमला दाजी श्वास घेऊ देईनात. कुणाचाच गोल होईना, आणि खेळ संपत आला असताना पेनल्टी मिळाली. आम्हाला!

सगळी पेठ दाजींचं नाव घेऊन ओरडू लागली. कॅप्टन हात करून बोलावू लागला. मला मुंबईची पेनल्टी आठवली. दाजींनी मधल्या रेषेवरूनच हात हलवून नाही म्हटलं आणि पाठ फिरवली. आमचा एक कोवळा विंगर बॉल ठेवू लागला. मैदानावरचा माणूस न् माणूस त्या बॉलकडे बघत होता, फक्त दाजी सलीमकडे बघत होते. मला माझ्या गोलातून त्यांचं तोंड स्वच्छ दिसत होतं.

“अवो, मागं बघा की!” सलीमच कळवळून ओरडला. “पेनल्टी हाय तुमची!”

“तू बघ,” दाजी म्हणाले. “मला काम हाय.”

शिट्टी झाली. सलीमचा चेहरा पडला, आणि गोल झाल्याचं दाजींना त्यावरून कळलं. त्यानंतर सलीम एकदाच निसटला. वरातीत वळायचा तसाच डावा खांदा पाडून गर्रकन वळला आणि त्याने बॉल मारला, पण दाजींचा पाय आधीच तिथे होता. बॉल बाहेर गेला, सामना संपला आणि मी गोलातच बसकण मारली. इतकं हलकं मला माझ्या परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

विंगरला खांद्यावर घेऊन पेठ नाचत गेली. त्या पोराचं नाव आजही कट्ट्यावर निघतं. दाजींचं निघत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते थोडं लागतं. आम्ही दोघे मागे राहिलो. बूट हातात घेऊन चालता चालता दाजींनी विचारलं, “पावणं, शेवटाला माझं नाव कुनी घेतलं का वो?”

मी लांबचा गलका नीट कान देऊन ऐकला. “न्हाई दाजी. एकानंबी न्हाई.”

“लई ब्येस. मुंबईत शेवटाला समद्यांच्या तोंडी माझंच नाव हुतं,” ते म्हणाले आणि मुंबईहून आल्यापासून पहिल्यांदाच पोटभर हसले.

अक्का दारात उभी होती. कोण जिंकलं, गोल कुणी मारला, काहीच विचारलं नाही तिने. नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं, डोळ्यांना पदर लावला आणि भाकऱ्या थापायला आत गेली.