जाळ्यामागची बाई

मैनाबाई आमच्या समोरच्या घरी राहायची. ढिवराचं घर. तिचा नवरा डोमाभाऊ गावच्या तलावात मासे धरायचा, ती बाजारात नेऊन विकायची. मी मूल गावाकडच्या त्या खेड्यात सून म्हणून आले, तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, पण आमच्या गावाला ते अजून पायीच येऊन राहिलं होतं.

दिवाळी आली की बाया पांढऱ्या मातीनं घर पोतारायच्या आणि दाराशी दोन मोर काढून मोकळ्या व्हायच्या. मैनाबाई आख्खी दंडार काढायची. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाचगाणं आणि नाटक, सगळं एकात. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तेव्हा गडी उजाडेपर्यंत नाचतात. ते सगळं ती गेरूनं आणि कोळशानं भिंतीवर आणायची, काडीला चिंधी गुंडाळून. ढोलकीवाल्याला तिनं कधी डोळे काढले नाहीत. तो वाजवताना मिटूनच घेते, म्हणायची. टाळकऱ्यांचे हात म्हणजे नुसत्या काड्या. मधोमध मात्र एक बाई असायची. लाल लुगडं, मोठी नथ, कमरेवर डावा हात, आणि त्या एकाच हाताला नीट बोटं काढलेली. चार.

ती बाई म्हणजे डोमाभाऊ. दंडारीत बाया उतरत नाहीत, बाईचं सोंग गडीच घेतात. आणि डोमाभाऊची डावी करंगळी बांबू तोडताना कुऱ्हाडीनं गेलेली. लुगडं नेसून तो उभा राहिला की चार गावची माणसं गप्प बसायची. आमच्या सासूबाई म्हणायच्या, पदर सांभाळावा तर डोमानं. म्हणताना बघायच्या माझ्याकडे.

एका दिवाळीत त्यांच्या लेकीला, प्रेमिलाला पाहुणे बघायला येणार होते. सोयरीक आणली होती मैनाबाईच्या भावानं, पोचूनं. मुलगा सावली गावाकडचा, घरचं वावर, आणि प्रेमिलाच्या मनात बसलेला. बाजारात त्यानं एकदा तिच्याकडून झिंगे घेतले होते, भाव न करता. एवढं पुरलं पोरीला. पण मुलाचा बाप पत्रूभाऊ मोठा कडक. त्याच्या घरचं कोणी मंडईलासुद्धा जात नाही, नाच्याची पोरगी तो घरात घेणार नाही, असं पोचूनं येऊन सांगितलं. डोमाचं सोंग त्याला कळता कामा नये. भिंतीवरची ती बाई तेवढी पुसून टाक, म्हणाला.

डोमाभाऊ तलावावरून नुकताच आला होता, पाहुण्यांसाठी मासे घेऊन. ऐकून घेतलं आणि तोही म्हणाला, पूस. पोरीपेक्षा भिंत मोठी नाही.

मैनाबाईनं पांढरी माती कालवली. भिंतीसमोर उभी राहिली. हात काही वर जाईना. प्रेमिला चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती, आणि मी आमच्या दारातून.

"पुसू?" मैनाबाई म्हणाली. "सणासुदीच्या दिवसात मी आपल्या हातानं धन्याले पुसू?"

पुसतात ते कुंकू, आणि कधी पुसतात ते सगळ्यांना ठाऊक. सवाष्णीच्या तोंडून तो शब्द निघाल्यावर पुढं कोण बोलणार? तेवढ्यात वाटेवर पाहुणे दिसले. डोमाभाऊनं खांद्यावरचं जाळं काढलं, भिंतीच्या खुंट्यांना अडकवलं आणि बाईला झाकून टाकलं. ढिवराच्या घरी भिंतीला जाळं असणारच, कोणाला काय शंका येणार?

जाळं ओलं आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पाहुणे अंगणात खाटांवर बसले. पाय धुणं झालं, गुळाचा चहा झाला, प्रेमिला खाली मान घालून येऊन गेली. सगळं बरं चाललं होतं आणि जाळ्याखालून लाल पाणी निघालं. एक ओघळ, मग दुसरा, थेट पत्रूभाऊच्या खाटेकडे.

"तुमच्या भिंतीले काई लागलं काय जी?" पत्रूभाऊनं विचारलं. "रगत येऊन राह्यलं."

पोचू खोकला. डोमाभाऊनं तंबाखू मळला आणि डावा तळहात पाहुण्यापुढं धरला. पत्रूभाऊनं चिमूट उचलली. उचलता उचलता त्या हाताकडे बघितलं. मग जाळ्याच्या भोकांतून कमरेवरच्या हाताकडे. मग परत या हाताकडे. दाराआड प्रेमिला उभी होती, तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. तसा चेहरा कोणाच्या लेकीचा होऊ नये.

पत्रूभाऊनं तंबाखू सावकाश ओठाखाली ठेवला.

"ते जाळं काढा बाप्पा," तो म्हणाला. "ओल्यानं त्या बाईचं लुगडं उतरून राह्यलं."

आधी हसली ती मैनाबाईच, पदर तोंडाला लावून. मग उठून तिनं जाळं काढलं. पत्रूभाऊ बराच वेळ भिंत बघत राहिला. हे कोणी काढलं म्हणून विचारलं, ऐकून मान हलवली. मग डोमाभाऊकडे वळला.

"इवाई, एक इचारतो. उद्या नातवंडं होतीन. त्याईनं तुमाले आजा म्हणावं का आजी?"

इवाई, म्हणजे व्याही, म्हटलं तिथंच सोयरीक पक्की झाली, आणि त्या विचारण्यात मागणं काय आहे तेही डोमाभाऊला कळलं.

"यंदाची मंडई झाली का लुगडं ठेवून देतो जी," म्हणाला.

त्या मंडईत तो जसा नाचला तसा पुन्हा कोणी नाचला नाही. मागच्या बाजूला पत्रूभाऊ उभा होता, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. थंडी फार होती, असं पुढं त्यानंच सांगितलं.

लुगडं मग मैनाबाई नेसली. मले ते तेवढं शोभत नाई, असं बाजारात ती स्वतःच सांगायची. पण दर दिवाळीला बाई भिंतीवर यायचीच. डोमाभाऊचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, बाई होती तशीच राहिली.

प्रेमिलाची लेक बोलायला लागल्यावर एका दिवाळीला आली, आणि भिंतीवरच्या हाताला बोट लावून तिनं विचारलं, हे कोन होय?

"हे तुयी दुसरी आजी," मैनाबाई म्हणाली.

पोरीनं मोठ्यानं हाक मारली, "ये चार बोटाच्या आजी!"

आणि अंगणात जाळं विणत बसलेल्या डोमाभाऊनं दंडारीतल्या बाईच्या बारीक आवाजात उत्तर दिलं, "ओ माय, आली."