घरघर ऐकणाऱ्या चौघी

मरणाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या बायांकडे किस्से कुठले, असं ज्याला वाटतं त्यानं आमच्यात आठ दिवस बसावं! आम्ही बुद्धविहाराच्या महिला मंडळातल्या चौघी. वस्तीत कोणाला घरघर लागली, शेवटचा श्वास घशात घोळायला लागला, की आम्हाला बोलावणं येतं. आम्ही जातो, परित्राण पाठ वाचतो. माणूस जातो; किस्सा आमच्यासोबत घरी येतो.

*

मी शाळेत दुसरीपर्यंत. पुढचं वाचन माझं मीच कमावलं, म्हणून छापलेल्या शब्दाशी भांडताना मी कोणाची परवानगी घेत नाही. आमच्या गल्लीतल्या पत्रकारानं एकदा मथळा दिला, ‘सूतगिरणीला शेवटची घरघर’. सकाळीच त्याला फाटकाशी गाठलं.

"तू ऐकली काय गा कधी घरघर?"

"नाही, आजी."

"मग काहून लिहितो?"

तो हसला. पुढच्या हिवाळ्यात त्याचे वडील गेले. आम्ही वाचत होतो आणि तो दाराची चौकट धरून उभा होता.

तेव्हापासून त्याच्या बातम्यांत गिरण्या नुसत्या बंद पडतात.

*

एकदा मनीषनगरच्या एका फ्लॅटमध्ये फजिती झाली. सून फोनवर रडत होती, "बाबांना घरघर लागली, लवकर या!" आम्ही पोचलो तर उमरेड-भंडाऱ्याचे नातेवाईक आधीच हजर. पाठ अर्ध्यावर आला, तोच म्हातारबा कुशीवर वळले. घरघर थांबली. डोळे उघडून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"इतके पाहुणे काहून जमले? कोणाचं लग्न आहे?"

घोरत होते!

आमच्यातली रंजना, वयानं सगळ्यांत लहान, अगदी गंभीरपणे म्हणाली, "बाबाजी, अर्धा पाठ जमा धरा. बाकीचा मागून वाचू."

*

आमच्यातल्या सुशीलाचा आवाज जड, भरल्या ढगासारखा. पहिली ओळ ती उचलायची, आम्ही मागून. विहाराच्या सभागृहाची एक किल्ली बायांकडेही हवी, असं आम्ही वर्षभर सांगत होतो. बैठकीत विहार समितीचे अध्यक्ष वैतागले, "महिला मंडळाची कुरकुर फार वाढली!"

हा कावा मला पाठ आहे. पुरुष बोलला की गर्जना, बाई बोलली की कुरकुर. मी उठणार, तेवढ्यात सुशीला उठली.

"अध्यक्ष साहेब, कुरकुर खाटेची असते. वर कोणी बसलं म्हणजे!"

किल्ली त्याच दिवशी मिळाली.

*

मग सुशीलाच्याच फुप्फुसात पाणी झालं. दवाखान्यातून हट्टानं घरी आली. आम्हाला बोलावून म्हणाली, "तुम्ही याल, माहीत आहे मले. पण याचा बाप गेला तवा हा मिलिंद तो आवाज ऐकून बाहेर पळाला होता. माह्या वेळी तरी तो खोलीत राहिला पाहिजे वं. दुसरं काही नाही."

मिलिंद तिचा एकुलता एक. मिहानमध्ये नोकरी, डोक्यावरचे केस पिकलेले.

"कसा नाही राहत, मी पाहते!" मी म्हणाले.

जानेवारीत बोलावणं आलं. दुपारी आम्ही तिघी गेलो, तर खोलीत कूलर सुरू! पाणी नाही, नुसता पंखा, फुल स्पीडवर. मे महिन्यात साऱ्या नागपुरात वाजतो तसा घरघरत होता. सुशीला दोन ब्लँकेटांत. मिलिंद तिच्या पायांशी, पलंगाला पाठ लावून फरशीवर बसलेला.

"काहून लावला गा कूलर थंडीत? माय गारठून राहिली ना तुझी!"

"मावशी, तिचा आवाज ऐकवत नाही मले."

मी बटण बंद केलं.

कूलर थांबला आणि सुशीलाची घरघर खोलीभर झाली. मिलिंद उठला. दाराशी जाऊन चपला शोधू लागला.

सुशीलाचे डोळे मिटलेलेच होते.

"लाव वं," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "लाव तो."

मी कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बटण दाबलं. मिलिंद परत येऊन आईच्या पायांशी बसला. आम्ही तिघींनी कूलरच्या वर आवाज काढून पहिली ओळ उचलली.