पोखऱ्याच्या तलावात आमचा दशरथ

नेपाळ हा परदेश आहे की नाही, यावर आमच्या आंधळगावच्या पानठेल्यावर त्या वर्षीची अख्खी दिवाळी खल चालला होता. "पासपोर्ट नाही, विमान नाही, अन म्हणे फॉरेन!" असा निकाल एकाने लावूनही टाकला. मी मात्र ठाम होतो. गावातून परदेशात जाणारा पहिला माणूस मीच, आणि हा मान मी सहजासहजी सोडणार नव्हतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी भंडाऱ्याला होस्टेलवर राहून कॉलेज करत होतो. बाबांचा विरोध देशाला नव्हता, मुहूर्ताला होता. धान कापणीला आलं होतं. "इकडं धान कोण कापंन? तुया नेपाळचा राजा?" असं त्यांनी विचारलं. आईने मध्ये पडून "जाऊ द्या, पोरगं जग पाहून येईन" म्हटलं, तेव्हा कुठे सुटका झाली. भाऊबीज आटोपली आणि बहिणीने चकल्या, शेव आणि पोह्यांचा चिवडा बांधून दिला. रुकसॅक म्हणजे काय हे आमच्या शिंप्याला ठाऊक नव्हतं, पण त्याने जाड कापडाची, दोन पट्ट्यांची अशी पाठपिशवी शिवली की ती आजही माझ्या घरी बटाटे ठेवायला आहे.

सोबतीला दशरथ, माझा खोलीतला जोडीदार. लाखांदूरकडचा, गणितात वाघ, बोलायला कमी. त्याचं घर ढिवरांचं. वडील गावच्या तलावात मासे मारायचे. हे होस्टेलात फक्त मला माहीत होतं. बाकी कोणी विचारलं की दशरथ "शेती" म्हणून मोकळा व्हायचा. वडील अधूनमधून भंडाऱ्याला यायचे, पण होस्टेलवर कधी नाही. दशरथने तशी ताकीदच दिली होती. एसटी स्टँडच्या बाकावर बापलेक बसायचे, चहा प्यायचे आणि काका त्याच पावली परत जायचे. "पोट्टे म्हणतीन, वास येते," एवढंच तो मला म्हणाला होता. मी एकदोनदा बोलून पाहिलं, तर गडी दोन दिवस अबोला धरून बसला. मला ते फार लागायचं, कारण काकांसारखा सरळ माणूस मी पाहिला नव्हता.

असो. नागपूरहून रेल्वेच्या जनरल डब्यात घुसलो ते इटारसीमार्गे गोरखपूरला उतरलो. घुसलो हाच शब्द बरोबर आहे. दशरथ खिडकीतून आत गेला आणि त्याने मला ओढून घेतलं. गोरखपूरला छोट्या रुळांची गाडी पकडायची, ती नौतनव्याला सोडते, आणि तिथून रिक्षाने सुनौलीची सीमा. तुम्ही कोणी हा मार्ग धरणार असाल तर गोरखपूरला पोटभर खाऊन घ्या, पुढे चहाशिवाय काही हाती लागेलच असं नाही.

सीमेवर शिपायाने विचारलं, "कहाँ से?"

"भंडारा."

"वो कहाँ पड़ता है?"

"नागपुर के पास."

"अच्छा, संतरा!"

दशरथचा चेहरा पडला. "संतरा नहीं साहब, धान," तो म्हणाला. शिपाई हसला आणि आम्ही चालत चालत परदेशात शिरलो. पलीकडे गेल्यावर घड्याळ थोडं पुढे करावं लागलं. मी दशरथला म्हटलं, "पाह्य, घडीचा काटा सरकला. आता त झालं ना फॉरेन?"

भैरहव्याहून पोखऱ्याची बस सकाळीच पकडावी. बुटवल मागे पडलं की रस्ता डोंगरात शिरतो आणि वळणं काही संपत नाहीत. पोट नाजूक असेल तर मागची सीट टाळा. माझं नाजूक निघालं. दुपारी बस थांबली तिथे डाळ-भात मिळाला, आणि भात मागाल तितका वाढतात. भाताच्या बाबतीत आम्ही भंडाऱ्याचे लोक सहजी कोणाला मार्क देत नाही. दशरथने दोन शितं बोटांनी दाबून पाहिली आणि "पास" म्हणाला. मग तीनदा घेतला.

अंधार पडता पडता पोखऱ्याला पोचलो. फेवा तलावाच्या काठी मातीच्या भिंतींचं एक साधं लॉज होतं, दोन खाटांची खोली, भाडं आमच्या खिशाला झेपेल असं. तिथे पुण्याकडची चौघं कॉलेजची मुलं भेटली. त्यांचा पुढारी समीर. खरी रुकसॅक, खरे बूट. मुलं चांगली होती, पण आम्हाला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची त्यांना भारी हौस होती.

सकाळी दार उघडलं आणि मी जागीच उभा राहिलो. समोर हिमालय होता. आमच्याकडच्या टेकड्यांनाही आम्ही पहाड म्हणतो, त्याची मला त्या क्षणी लाज वाटली. मधला तो उंच, टोकाशी दुभंगलेला डोंगर म्हणजे माछापुच्छ्रे. दशरथ नुसता पाहत राहिला.

तलावाच्या मधोमध बेटावर देवीचं देऊळ आहे. तिथे नावेने जातात. नावेला ते डुंगा म्हणतात, आमच्याकडे डोंगा. पुणेकरांनी एक नाव स्वतः वल्हवायला घेतली. आम्ही धनबहादूर नावाच्या पन्नाशीच्या नावाड्याच्या नावेत बसणार होतो. सीमेकडे हमाली केल्यामुळे त्याला हिंदी येत होती.

इथे दशरथकडून एक गोष्ट झाली, त्याच्याही नकळत. नावेत पाय ठेवण्याआधी त्याने चपला काठावर काढून ठेवल्या, वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि कपाळाला लावलं. त्यांच्या घरी पायताण घालून डोंग्यात कोणी चढत नाही. लहानपणापासूनची सवय, हात आपोआप गेला. मी मात्र चपलांसकट धप्पकन बसलो होतो.

धनबहादूर टक लावून बघत होता. "भैया, आप भी जलारी हो क्या?"

शेजारच्या नावेतून समीरने विचारलं, "जलारी म्हणजे?"

"मछुआरे. हम लोग," धनबहादूर छातीवर हात ठेवून म्हणाला.

दशरथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नहीं," तो म्हणाला, "हमारी खेती है." आणि त्याने पाण्याकडे मान वळवली. धनबहादूरने वल्हं उचललं. मला फार वाईट वाटलं. घरापासून इतकं लांब, ओळखीचं चिटपाखरू नाही, तरी हा आपल्या बापाचं नाव लपवतोच आहे.

तलावाच्या मध्यावर तो डोंगर पाण्यात उलटा दिसत होता. धनबहादूर म्हणाला, "देखो, मछली की पूँछ. माछापुच्छ्रे का मतलब यही. उस पर कोई नहीं चढ़ता. देवता का पहाड़ है."

दशरथने वर पाहिलं, मग खाली पाण्यात पाहिलं. "मासोळीच्या शेपटाच्या पाया पडतात इथं," तो हळूच मला म्हणाला. देवळात जाऊन आम्ही काठावर परतलो.

पुण्याची चौघं मागे रेंगाळली होती. दुपार कलली आणि डोंगराकडून वारा सुटला. फेव्याला दुपारनंतर जाणार असाल तर हे लक्षात असू द्या, नाव स्वतः वल्हवायची हौस सकाळी भागवा. त्यांची नाव गोल गोल फिरायला लागली आणि पलीकडच्या जंगलाकडे वाहत निघाली. त्या चौघांतली एक मुलगी ओरडत होती. धनबहादूरने नाव पाण्यात लोटली, तोच दशरथने दुसरं वल्हं उचललं.

"अबे, तू कुठं चालला?" मी ओरडलो.

"त्या डोंग्यात वल्हवाले कोणी पायजे ना!" एवढं बोलून तो पुढच्या टोकाला गुडघे टेकून बसला.

त्याला पाण्यावर असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. होस्टेलात खाली मान घालून चालणारा तो पोरगा हा नव्हेच. त्यांची नाव गाठून तो तिच्यात गेला, चौघांना खाली बसवलं आणि वाऱ्याच्या तोंडावर न जाता काठाकाठाने, तिरपी तिरपी नाव आणली. हात एका लयीत चालले होते. घाई नाही, धाप नाही. मी काठावर त्याच्या चपला हातात धरून उभा होतो.

समीर भिजलेला, पांढराफटक. काठाला लागताच त्याने विचारलं, "यार, तू हे शिकलास कुठे? कुठला क्लब?"

दशरथने नाव वर ओढली.

"क्लब कायचा? बापानं शिकवला," तो म्हणाला. "आमी ढिवर आहो. लाखांदूरकडं तलावात मासे मारतो." मग मागोमाग काठाला लागलेल्या धनबहादूरकडे वळून म्हणाला, "चाचा, सुबह मैं झूठ बोला. आप ही की बिरादरी का हूँ."

धनबहादूरने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की ती साऱ्या काठावर ऐकू आली. "मुझे तो मालूम था," तो म्हणाला. माझी छाती तेव्हा अशी फुगली होती की जणू मीच नाव आणली. खरं सांगतो, आयुष्यात स्वतःचा इतका अभिमान मला कधी वाटला नाही, जितका त्या दिवशी दशरथचा वाटला.

संध्याकाळी धनबहादूरच्या घरी जेवलो. तळलेले छोटे मासे, भात आणि मुळ्याचं लोणचं. दशरथ त्यांचं जाळं मांडीवर घेऊन गाठी बघत बसला होता, आणि धनबहादूरची बायको हसून हसून त्याला आपली गाठ दाखवत होती. पुढचे दिवस आम्ही सारंगकोटची टेकडी चढलो, सूर्योदय पाहिला, गावागावांतून पायी हिंडलो. तेही सुंदरच होतं. पण परतीच्या रेल्वेत दशरथ बोलत होता तो त्याच्या तलावाबद्दल. तीन वर्षांत मी जेवढं ऐकलं नव्हतं, तेवढं इटारसी येईपर्यंत ऐकलं.

आधी त्याच्या गावी गेलो. काका तलावावरून नुकतेच आले होते.

"काय केला बाबू विदेशात?" त्यांनी विचारलं.

"डोंगा चालवला."

"डोंगाच चालवाचा होता, त आपला तलाव का आटला होता?"

आम्ही पोट धरून हसलो. मग दशरथ म्हणाला, "बाबा, आता भंडाऱ्याले याल त होस्टेलवर या."

"मी स्टँडवर बसीन ना."

"नाही. खोलीवर या. माय मासे करून देईन, ते आना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, पोरगा मस्करी तर करत नाही ना, म्हणून. मी "या" म्हणून मान हलवली.

काका आले. धुतलेलं धोतर, हातात मोठा डबा. दशरथने दारातच त्यांचा हात धरला आणि अख्ख्या होस्टेलला ऐकू जाईल असं सांगितलं, "हे माहे बाबा. तलावात मासे मारतात." पोट्ट्यांनी डबा चाटूनपुसून साफ केला आणि पुढचा कधी, म्हणून विचारलं.

लोक मला विचारतात, त्या सहलीतून काय आणलं. हिमालय डोळ्यांत आहेच. पण मला आठवते ती त्या संध्याकाळी होस्टेलपासून स्टँडपर्यंत निघालेली आमची वरात. पुढे रिकामा डबा घेतलेला दशरथ, मध्ये काका आणि मागे पंधरा-वीस पोरं. एसटीच्या दारात कंडक्टरने हा घोळका पाहून विचारलं, "बाबाजी, हे सारे कोण?"

काकांनी एकदा सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं.

"माह्या पोराचे दोस्त," ते म्हणाले. "मले सोडाले आले."