परंड्यानं नेलेला बोकड

कमी ओव्हरांचं क्रिकेट जगात सर्वप्रथम ईट गावात सुरू झालं, हे मान्य केल्याशिवाय आमच्या थोरल्या साडूंच्या घरून आजवर कुणी जेवून उठलेलं नाही. नवा जावई म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेलो, तेव्हा ताटात शेंगोळे आणि समोर इतिहास, दोन्ही एकदमच वाढलं गेलं. "पाव्हणं, दुनियेनं नंतर नक्कल केली. आमी आठ ओव्हरची म्याच खेळत हुतो, तवा शेरातली मानसं पाच-पाच दिस उन्हात हुबी ऱ्हायची," असं त्यांनी मला ऐकवलं. आठच ओव्हर का, असं मी भीत भीत विचारलं. म्हशींच्या धारेच्या वेळेआधी दोन्ही डाव उरकले पाहिजेत, इतकं साधं कारण होतं. मी मान डोलावली, तेव्हा कुठं ताटात पुन्हा वाढलं गेलं.

साडूंची कालगणना सगळी त्या टूर्नामेंटवर चालते. त्यांची मुलगी 'परंड्यानं बोकड नेला त्याच्या पुढच्या साली' झाली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मसाल विचारलं तरी त्यांनी हेच सांगितलं, आणि गुरुजीही ईटचेच असल्यामुळं त्यांना ते बरोबर कळलं. माइक हाती लागला की मग काही खरं नाही. एका लग्नात आहेराची नावं पुकारायला त्यांना उभं केलं, तर ते नवरदेवाच्या चुलत्यानं कोणे एके काळी टाकलेल्या मेडन ओव्हरमध्ये शिरले. भटजी घड्याळ दाखवून थकले आणि शेवटी तेही ऐकत बसले.

दरवर्षी सुगी आटोपली की ही टूर्नामेंट भरते. फायनलच्या आधी साडू माइकवरून तिचा इतिहास सांगणार आणि तो संपल्याशिवाय टॉस होणार नाही, असा गावचा रिवाज आहे. ग्राउंडला लागूनच पांडबांचं घर. पांडबा म्हणजे साडूंचे लहानपणापासूनचे जोडीदार. त्यांच्या गच्चीवर चेंडू गेला तर सिक्स नव्हे, आउट. कारण पांडबांची मंडळी, म्हणजे आमच्या वैनी, वाळवणावर पडलेला चेंडू परत देत नसत. हा नियम सांगून झाला की साडू पहिल्या फायनलकडं वळत. बक्षिसाला बोकड. समोर शेजारच्या परंड्याची टीम. शेवटची जोडी साडू आणि पांडबा, दोन रन हवेत. पांडबांनी हाक दिली, साडू धावले आणि रनआउट झाले. परंडेकरांनी बोकड एसटीत चढवला, तेव्हा साडू त्याला स्टँडपर्यंत पोहोचवून आले होते म्हणे. सुरुवातीला ते स्वतःच सांगत, की क्रीज दोन हात लांब राहिली. पुढं हाताची वीत झाली आणि अलीकडं तर अंतर बोटभरावर आलं होतं.

"बोटभरानं गेलो, मंडळी! पांडबानं हाकच उशिरा दिली!" असं साडू म्हणाले, की आपल्या घराच्या ओट्यावर बसलेले पांडबा ताडकन उठत. "खोटं हाय! हाक येळेवर दिली, ह्योच पळला न्हाय!" मग साडू माइकवरूनच "गप बस, पांडबा!" म्हणत, टाळ्या पडत आणि टॉस होई. पाच मिनिटांनी दोघं त्याच ओट्यावर एका कपातला चहा निम्मा-निम्मा पिताना दिसत.

यंदा संक्रांतीनंतर पांडबा गेले. फायनलच्या सकाळी गावातली पोरं साडूंना न्यायला आली, तर साडू बाजेवरून हलेनात. "सांगून काय करू? खोटं पाडायला कोन हाय आता?" पोरांची तोंडं उतरली. इतिहासाशिवाय टॉस करायला कुणी धजेना. एकानं मोबाइलमधलं गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावू म्हणून पाहिलं. त्यावर साडूंनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो मोबाइल खिशात घालून दारामागं गेला.  माझ्या मेहुणीनं इस्त्रीचा शर्ट आणून बाजेवर ठेवला. साडूंनी त्या शर्टाकडं बघितलं आणि उठून तो अंगात चढवला.

मी ग्राउंडवरच होतो. साडूंच्या इतिहासात धारेची वेळ आली, गच्चीचा नियम आला, बोकड आला. "बोटभरानं गेलो, मंडळी. पांडबानं हाक उशिरा दिली," असं म्हणून साडू थांबले. सवयीनंच थांबले. सगळ्यांच्या माना त्या रिकाम्या ओट्याकडं वळल्या. माइक नुसता घरघरत होता. कुणीतरी ओरडायला हवं होतं, पण ते वाक्य घ्यायची कुणाची छाती होईना. 

तेवढ्यात गच्चीवरून आवाज आला. कठड्याला धरून वैनी उभ्या होत्या.

"खोटं हाय, भावजी! ह्यांनी हाक येळेवर दिली हुती. म्या इथनंच बघत हुते. तुमीच पळला न्हाईत!"

सगळं ग्राउंड साडूंकडं बघायला लागलं. वैनींना 'गप बस' कसं म्हणणार? त्यांनी टोपी काढली, डोळ्यांवरून फिरवली आणि माइक तोंडाशी नेला.

"तुमी म्हनता तर आसंल, वैनी," ते म्हणाले. "दोन हात लांब हुतो म्या."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. हाक वेळेवर आली होती, हे साडूंनी उभ्या जन्मात पहिल्यांदा कबूल केलं, आणि ते ऐकायला पांडबा नव्हते, याचं मला फार वाईट वाटलं. टॉस झाला, मॅच सुरू झाली. साडू पांडबांच्या ओट्यावर जाऊन बसले, तसा वैनींनी खाली चहा पाठवला. साडूंनी निम्मा प्यायला आणि निम्म्याचा कप शेजारी सरकवून ठेवला.