दारवाल्या बाईंची साखर

'दारवाल्या बाई' हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलं आणि निवृत्तीनंतरही ते बाईंना चिकटून राहिलं. बाई विज्ञान शिकवायच्या. पेशीचं आवरण शिकवायची वेळ आली की पुस्तक मिटायचं आणि वर्गाच्या दारात दोन दांडगी पोरं उभी करायची, ही त्यांची रीत. वर्ग म्हणजे आतड्यातली पेशी, आणि दार म्हणजे तिच्या आवरणातली वाट. एक पोरगं मीठ व्हायचं, एक साखर, उरलेली सगळी पाणी. या दाराशी मीठ एकटं आलं तर दारवाले त्याला परत पाठवायचे, साखर एकटी आली तरी तेच. दोघांनी हात धरून यायचं, तेव्हा कुठे दार उघडायचं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी लोंढ्यानं आत घुसायचं. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दरवर्षी तक्रार करायचे, मुख्याध्यापक दरवर्षी "बघतो" म्हणायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच गोंधळ. "म्हणून जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी द्यायचं," असं बाई शेवटी टेबलावर हात आपटून सांगायच्या, "आणि मापात द्यायचं!"

आता अशा बाईंच्या हातून चूक व्हायची ती नेमकी याच बाबतीत व्हावी, याला काय म्हणावं?

मुलगी कामासाठी परगावी गेली होती आणि नातीला आजी-आजोबांकडे ठेवून गेली होती. नात चार वर्षांची. एका जागी क्षणभर टिकायची नाही, म्हणून आजोबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलेलं. तिचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी तपासून मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या आणि बजावलं, "एक पुडी, एक लिटर पाणी. चमच्या-चमच्यानं पाजा, आणि शू होतेय ना, तेवढं बघत राहा." पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीनं चमचा ढकलला.

"खारट आहे. मला नको."

भल्याभल्या पोरांना सरळ करणाऱ्या बाई या दोन वाक्यांपुढे विरघळल्या. एवढासा जीव लिटरभर पाणी कसलं पितोय, असं म्हणून त्यांनी पुडी निम्म्याच पाण्यात कालवली. ते आणखी खारट लागणार हे उघड होतं, म्हणून वर साखर घातली, तीही चमचे शिगोशीग भरून. भिंगरीनं पेलाभर पाणी मिटक्या मारत संपवलं. बाईंनी नवऱ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.

दुपारपर्यंत जुलाब थांबायचे राहिले बाजूला, नुसतं पाणी पडायला लागलं. पोरीचे ओठ सुकले. भिंगरी गादीवर गप्प पडून राहिली, आणि ते गप्प पडणंच बाईंना बघवेना.

"अहो, हिला सकाळपासून शू झालेली नाही," त्या म्हणाल्या.

आजोबा शिंपी. घाबरले की त्यांची जीभ जरा जास्तच चालते. "तू एवढं पाजलंस ते गेलं कुठं मग? पोरगी आहे का गळकी बादली?"

हात रिकामा नको म्हणून बाई ओटा आवरायला लागल्या. सकाळी आजोबांनी नातीसाठी स्ट्रॉबेरी चिरून, आंबट म्हणून वर साखर भुरभुरवून ठेवल्या होत्या. त्यांना कोणी हात लावला नव्हता. बाईंनी वाटी उचलली आणि थबकल्या. फोडी लुळ्या पडल्या होत्या आणि वाटीत लाल रस साचला होता. त्यात पाण्याचा थेंबही कोणी घातला नव्हता. बाहेर साखर जास्त झाली की फोडीतलं पाणी तिच्या ओढीनं बाहेर येतं, हे त्यांनीच फळ्यावर किती वेळा लिहिलं होतं!

"अहो, पोरीच्या पोटात मी हेच केलंय," त्या म्हणाल्या. मिठाचा हात धरायला जेवढी साखर लागते तेवढी पुडीत होतीच. वरची सगळी दाराबाहेर गर्दी करून उभी होती, आणि आतलं पाणी बाहेर खेचत होती.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला आणि काहीही न लपवता सांगितलं. पलीकडे नर्स होती.

"बाई, तुम्ही? अहो, मी तुमच्या वर्गात पाणी होते!" मग तिचा आवाज बदलला. "ते ओतून द्या, आणि आहात तशा पोरीला घेऊन या."

डॉक्टरांनी पोरीचे डोळे पाहिले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. "अजून तोंडानं घेतेय, तर आधी तेच करून बघू. शू झाली तर उत्तम. नाही झाली तर सलाईन लावावं लागेल." नर्सनं मापाच्या खुणा असलेल्या भांड्यात लिटरभर पाणी मापून त्यात पुडी सोडली. भांडं तिनं बाईंच्या हातात दिलं. ते घेताना त्यांना लाज वाटली, आणि धीरही आला.

आजोबा नातीला मांडीवर घेऊन बसले. बाई चमचा भरत होत्या. मधेच मुलीचा फोन आला. बाईंनी तिलाही खरं ते सांगितलं.

"आई, तू? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!" मुलगी रागावली, मग रडली, मग म्हणाली, "फोन ठेवू नकोस. लाईनवरच थांब."

मग बराच वेळ एकच काम. चमचा भरायचा, टेकवायचा, गिळेपर्यंत थांबायचं. कोपऱ्यात सलाईनचा स्टँड उभा होता. बाई मुद्दाम तिकडे पाठ करून बसल्या होत्या.

एकाएकी आजोबा ताठ झाले. आपल्या पँटची इस्त्री मोडली म्हणून बसमध्ये लोकांशी भांडणारा हा माणूस, मांडीवर पसरणाऱ्या ओल्या डागाकडे बघत ओरडला, "झाली! अगं, झाली! चांगली भरपूर झाली!"

बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी बाईनंसुद्धा "झाली का, बरं झालं" म्हटलं. फोनमधून मुलगी एकाच वेळी हसत आणि रडत होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि परत डोळे पुसले. डॉक्टरांनी स्टँड बाहेर न्यायला सांगितला.

भिंगरी आता टक्क जागी होती. तिनं पुढे आलेला चमचा बघून तोंड वेंगाडलं. "आजी, खारट आहे. साखर घाल ना."



"नाही," बाई म्हणाल्या, आणि चमचा तसाच पुढे धरला.